वकिली बुद्रुक, वकिली खुर्द

महाराष्ट्रातील गावांच्या नावांना चिकटलेले ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे शब्द फारसीतून आलेले असून पहिल्याचा मूळ अर्थ थोर किंवा वडील आणि दुसऱ्याचा लहान असा आहे, हे स्थलनामांच्या अभ्यासकांना माहीत असते. परंतु एकाच नावाच्या दोन गावांपैकी थोर कोणते आणि लहान कोणते हे नेमके कोणी व कोणत्या मापाने ठरवले, याचा कागद कोणत्याही कचेरीत सहजी सापडत नाही. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक आणि भीमेपलीकडे हवेली तालुक्यातील वढू खुर्द ही अशीच एक जोडी होय. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढू बुद्रुकचे नाव महाराष्ट्रभर आदराने घेतले जाते, त्यामुळे आपल्या बुद्रुकपणाविषयी शंका घेण्याची वेळ या गावावर येत नाही. मात्र याच गावातल्या एखाद्या घरातली मुलगी बारावी होऊन ‘मला वकील व्हायचंय’ असे म्हणते, आणि तिच्यापुढे पुण्यातली दोन विधी महाविद्यालये उभी राहतात, तेव्हा त्यांतले बुद्रुक कोणते व खुर्द कोणते हा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो सुटेपर्यंत त्या घरात कोणालाही वेळेवर जेवण मिळत नाही. या उपासमारीची पद्धतशीर मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाच्या सोयीसाठी येथे एक नमुना-कुटुंब गृहीत धरले आहे. त्यात पुढील मंडळी येतात: आबा, म्हणजे आजोबा. वडील, जे आबांसमोर बोलत नाहीत. आई, जिला चहा करून बोलायला सवड मिळत नाही. चुलते, ज्यांचा प्लॉटिंगचा धंदा असल्यामुळे त्यांना सर्व शास्त्रे अवगत आहेत. मामा, जे हडपसरला राहत असल्याने पुण्याविषयीचा अंतिम शब्द समजले जातात. शिक्रापूरला दिलेली आत्या. आणि खुद्द मुलगी, जिचे मत विचारणे हा बैठकीतला शेवटचा विषय असल्यामुळे तिथपर्यंत पोहोचण्यापूर्वी दर वेळी वीज तरी जाते किंवा चुलत्यांचा फोन तरी वाजतो. जून महिन्यापासून रात्रीच्या जेवणाआधी ओसरीवर ही बैठक भरते आणि जेवण गार झाल्यावर तहकूब होते.

बैठकीत दोनच शब्द पुन्हा पुन्हा वापरले जातात, ते म्हणजे ‘खर्च’ आणि ‘नाव’, आणि पुढील विवेचनासाठी दोहोंची व्याख्या करणे आवश्यक आहे. खर्च म्हणजे महाविद्यालय जो आकडा सांगते तो अधिक मामा त्यात जे मिळवतात ते. नाव, अर्थात प्रतिष्ठा, म्हणजे ज्याने ते महाविद्यालय पाहिलेले नाही अशा माणसाने, ज्याला ते पाहायचे नाही अशा दुसऱ्या माणसाला, तिसऱ्याच्या हवाल्याने सांगितलेली गोष्ट. केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी २०१६ पासून निघते आणि २०१८ पासून तीत विधी महाविद्यालयेही मोजली जातात. त्या क्रमवारीत लोकांच्या मनातील प्रतिमेला, म्हणजे ‘धारणे’ला, शंभरापैकी अवघे दहा गुण असतात. ओसरीवरील क्रमवारीत धारणेला नव्वद गुण असून उरलेले दहा वसतिगृहाच्या जेवणाला आहेत.

मुळात वकीलच का, याचे उत्तर बांधात आहे. बांध म्हणजे दोन शेतांच्या मधला मातीचा उंचवटा. तो निर्जीव असूनही दर नांगरणीला बोटभर सरकतो, आणि त्याच्या सरकण्याची दिशा नेहमी तक्रारदाराच्या शेताकडे असते, असे दोन्ही बाजूंचे तक्रारदार शपथेवर सांगतात. नमुना-कुटुंबाच्या बांधाचा दावा आबांच्या ऐन उमेदीत सुरू झाला आणि आता आबांचे गुडघे गेले तरी चालू आहे. पूर्वी हा दावा हातभर जमिनीसाठी होता. परंतु सणसवाडी आणि रांजणगावला कारखाने आले, शेतीचे प्लॉट पडू लागले आणि जमीन एकराऐवजी गुंठ्यावर बोलली जाऊ लागली, तसा तोच हातभर तुकडा सोन्याच्या बिस्किटासारखा दिसू लागला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आबा रोज म्हणतात आणि दर तारखेला घोडनदीला, म्हणजे शिरूर गावाला, जाणारी पहिली एसटी पकडतात. इतकी वर्षे वकिलांना जेवढे दिले त्यात घरचाच वकील तयार झाला असता, हा हिशोब त्यांनी याच एसटीत बसून मांडलेला आहे.

चुलत्यांना मात्र ही कल्पना पहिल्यापासून फारशी रुचली नव्हती, आणि त्याचे कारण शिक्षणशास्त्रीय नव्हते. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि विधी महाविद्यालयात हा कायदा मुलींनाही शिकवतात, ही बाब त्यांच्या लक्षात फार लवकर आली होती. त्यांनी इंजिनिअरिंगचे महत्त्व पटवून देण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी आत्या, जिने लग्नानंतर भावांच्या मायेपोटी हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या नोंदणीकृत दस्तावर, सही केलेली आहे, ती एकदम सरसावून बसली.

‘‘पोरीला वकीलच करायचं,’’ आत्या म्हणाली. ‘‘काय गं, सोडलेला हक्क परत मागता येतो का, हे कितव्या वर्षाला शिकवतात?’’

‘‘आक्का, चहा घे,’’ चुलते म्हणाले, आणि त्या दिवशीची बैठक तिथेच तहकूब झाली.

आता प्रत्यक्ष दोन महाविद्यालयांकडे वळावयास हरकत नाही. पहिले आयएलएस, अर्थात इंडियन लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय, १९२४ साली सुरू झाले. जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे त्याचे पहिले प्राचार्य, आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्यालाच लॉ कॉलेज रस्ता असे नाव पडलेले आहे. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर आणि यशवंत विष्णू चंद्रचूड हे दोघेही तेथे शिकले. या महाविद्यालयामागे टेकडी असून अर्धे पुणे रोज पहाटे ती चढते, त्यामुळे ‘‘मी गेली वीस वर्षे लॉ कॉलेजला जातोय,’’ असे सांगणाऱ्या पुणेकराला कायद्यातले काही विचारू नये, त्याला रक्तातल्या साखरेविषयी विचारावे. मामांचे या महाविद्यालयाविषयीचे सर्व ज्ञान टेकडीवरूनच मिळवलेले आहे. ‘‘वरून फार छान दिसतं,’’ हे त्यांचे मत त्यांनी तीन बैठकांत तीनदा नोंदवले. दुसरे सिम्बायोसिसचे विधी महाविद्यालय. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे हे अपत्य १९७७ चे, आणि आज ते विमाननगरला आहे. संस्था अभिमत विद्यापीठ आहे. अभिमत म्हणजे स्वतःच परीक्षा घेऊन स्वतःच पदवी देण्याचा अधिकार मिळालेली. दोन्हींचे प्रवेशही दोन वाटांनी होतात, कारण पहिल्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि दुसऱ्यासाठी त्या विद्यापीठाची स्वतंत्र. फीचा फरक एका वाक्यात सांगायचा तर पहिले अनुदानित असल्याने तेथे हजारांत भागते आणि दुसरीकडे लाखांत बोलावे लागते.

महागडे शिक्षण थोर की स्वस्त, हा वाद वकिलीच्या धंद्यात नवा नाही. इंग्रजी अमदानीत येथे परीक्षा देऊन झालेला वकील आणि विलायतेहून आलेला बॅरिस्टर यांच्यात जो फरक मानला जाई तो मुख्यतः बोटीच्या भाड्याचा होता. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनच्या चार ‘इन’पैकी, म्हणजे वकिलांच्या जुन्या संघांपैकी, एकात नाव घालून तेथील भोजनगृहात दर सत्रात ठरावीक वेळा हजेरी लावून जेवावे लागे आणि अशी बारा सत्रे जेवून काढल्याशिवाय परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यालाही सनद मिळत नसे. ही माहिती वडिलांनी, बैठकीतल्या आपल्या एकमेव भाषणात, मोठ्या उत्साहाने सांगितली. ‘‘मग आपल्या गावात निम्मे बॅरिस्टर आहेत,’’ आबा म्हणाले, ‘‘लगीनसराईत एकेक जण महिन्याला बारा पंगती उठवतो.’’ वडील त्यानंतर पुन्हा बोलले नाहीत.

खर्चाचे गणित वढूच्या परिसरात रुपयांत होत नाही, गुंठ्यांत होते. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद, अर्थात १,०८९ चौरस फूट जमीन, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर. लग्न किती गुंठ्यांत झाले, गाडी किती गुंठ्यांत आली आणि निवडणूक किती गुंठ्यांना पडली हे येथे सर्वांना तोंडपाठ असल्यामुळे, चुलत्यांनी पाच वर्षांची फी, वसतिगृह, मेस, लॅपटॉप आणि काळा कोट यांचे रूपांतर लगेच गुंठ्यांत करून दाखवले. एका महाविद्यालयात गोठ्यामागचा उकिरडा विकून भागत होते, तर दुसऱ्यासाठी रस्त्याकडेचा तुकडा काढावा लागत होता, आणि तो तुकडा नेमका बांधालगतचा निघाला. म्हणजे ज्या जमिनीसाठी मुलीला वकील करायचे तीच जमीन तिला वकील करण्यासाठी विकायची, असे त्याचे उत्तर आले. प्रस्तुत लेखकाचा गणिताशी संबंध दहावीतच संपलेला असल्याने हे त्रैराशिक वाचकांनी पुन्हा करून पाहावे. उत्तर बहुधा हेच येईल.

याच टप्प्यावर मुलीने, चहाचे कप उचलता उचलता, एक शासन निर्णय वाचून दाखवला. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख किंवा त्याहून कमी असलेल्या मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलेले आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. याचा अर्थ दोहोंपैकी एका ठिकाणी खर्चाचा प्रश्न जवळजवळ मिटत होता. सामान्य तर्कशास्त्राप्रमाणे बैठक येथे बरखास्त व्हावयास हवी होती. परंतु मनुष्यस्वभावाचा एक फार जुना नियम असा आहे की, दुकानदाराने भाव उतरवला की गिऱ्हाईक आधी कापड उन्हात धरून भोके शोधते.

‘‘फुकट?’’ चुलते म्हणाले. ‘‘फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार.’’

‘‘काका, शंभर वर्षांचं कॉलेज आहे,’’ मुलगी म्हणाली.

‘‘तेच म्हणतो मी. शंभर वर्षं झाली तरी फी वाढवता आली नाही त्यांना!’’

ज्या महाविद्यालयाला कालपर्यंत दोन सरन्यायाधीशांमुळे बुद्रुक मानले जात होते, ते फी माफ होताच एका रात्रीत खुर्द झाले, आणि ज्याच्या फीमुळे आबांना चक्कर आली होती ते त्याच फीमुळे बुद्रुक ठरले. अर्थशास्त्रात ज्या वस्तूची मागणी किंमत वाढल्याने वाढते तिला प्रतिष्ठेची वस्तू म्हणतात. ग्रामीण भागात या वर्गात पूर्वी बैलजोडी, मंडप आणि डीजे यांचा समावेश होता, त्यात आता पदवीची भर पडलेली आहे. मामांनी तर फीची पावती चौकट करून लावण्याची सूचना केली, कारण पदवी पाच वर्षांनी मिळते आणि पाहुणे येत्या रविवारी येणार होते.

तरीही सवलत हातची जाऊ नये म्हणून उत्पन्नाचा दाखला काढण्याचे ठरले. हा दाखला तहसीलदारांच्या सहीने मिळतो आणि त्यासाठी सेतू केंद्रात, म्हणजे सरकारी दाखल्यांचे अर्ज जेथे भरले जातात त्या खिडकीवर, स्वयंघोषणापत्र द्यावे लागते. नमुना-कुटुंबाने त्यापुढचा आठवडा दुहेरी हिशोबात काढला, कारण सकाळी खिडकीपुढे कांद्याने यंदा कसे रडवले, ऊस कसा वाळला आणि म्हैस कशी आटली हे सांगावे लागे, तर संध्याकाळी पारावर ‘‘पैशाचं काय एवढं नाही, पोरीचं भलं झालं पाहिजे,’’ असे म्हणावे लागे. खिडकीपर्यंत जाताना चुलत्यांनी आपली नवी मोटार दोन गल्ल्या मागे उभी केली आणि गळ्यातली साखळी खिशात ठेवली. रांगेत त्यांच्या पुढे आणि मागे उभे असलेले दोन गृहस्थही सारखे खिसे चाचपत होते, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. एकाच कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि वजन पंचक्रोशीच्या बाहेर, असा हा चमत्कार दर वर्षी प्रवेशाच्या हंगामात घडतो.

खर्च वाचवण्याचा एक स्वतंत्र प्रयत्न मामांनीही केला. त्यांच्या शेजाऱ्याचा मुलगा काही वर्षांपूर्वी वकील झाला होता. त्याची पुस्तके मामांनी घासाघीस करून, दोन पोती भरून, रिक्षा आणि टेम्पो यांचे भाडे खर्चून वढूला आणली. पोती सोडल्यावर त्यांतून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या खुणा केलेल्या प्रती निघाल्या. हे तिन्ही कायदे १ जुलै २०२४ पासून जाऊन त्यांच्या जागी नवे तीन आलेले आहेत, आणि १८६० च्या दंड संहितेच्या ५११ कलमांचे काम आता भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमे करतात, ही बातमी मामांना मुलीने सांगितली.

‘‘म्हणजे चारशेवीस गेलं?’’ मामांनी धसका घेतला.

‘‘फसवणुकीला आता तीनशे अठरा, मामा. आणि खुनाला तीनशेदोन नाही, एकशेतीन.’’

मराठी भाषेची याने किती हानी झाली याचा विचार शासनाने केलेला दिसत नाही. ‘‘तो मोठा तीनशे अठरा माणूस आहे’’ असे म्हटल्याने कोणाचाही अपमान होत नाही, उलट तो लॉजमधल्या खोलीचा क्रमांक वाटतो. दोन पोती कायदा रद्दीवाल्याने किलोवर घेतला. मिळालेल्या पैशांत टेम्पोचे भाडे निघाले नाही, आणि ते अजून मामांच्या बोलण्यात ‘शिक्षणावर केलेला खर्च’ म्हणून येते.

प्रतिष्ठेची पाहणी प्रत्यक्ष केल्याशिवाय निर्णय नको, असे ठरल्यावर सर्व मंडळी एका गाडीतून पुण्याला निघाली. कोरेगाव भीमा, पेरणे फाटा, लोणीकंद, वाघोली, खराडी या क्रमाने हा प्रवास होतो, आणि त्यातला वाघोलीपर्यंतचा भाग प्रवास असतो व पुढचा मुक्काम. वाघोलीच्या चौकात गाडी थांबली असता चुलत्यांनी दोन प्लॉटची बोलणी केली, आईने गवार निवडून संपवली आणि आबांना झोप लागून जागही आली. विमाननगर याच नगर रस्त्यावर आधी लागते आणि लॉ कॉलेज रस्ता शहर ओलांडून पलीकडे आहे, यावरून आबांनी एक तत्त्व मांडले की, जे कॉलेज आधी येते तेच बरे, कारण पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पोर निदान शेवटच्या परीक्षेपर्यंत तरी पोहोचेल. त्यांनी हे गाडीत बसल्या बसल्या ठरवल्याने पाहणीची वास्तविक गरज उरली नव्हती; तरी पेट्रोल जळालेच आहे म्हणून ती करण्यात आली.

दोन्ही आवारांत फिरताना मुलीने मंडळींना दोन पारिभाषिक शब्द समजावून सांगितले. पहिला ‘मूट कोर्ट’. विद्यार्थ्यांना एक काल्पनिक खटला देतात, ते दोन बाजूंनी वकील होऊन उभे राहतात, न्यायाधीश म्हणून बोलावलेली माणसे त्यांचा युक्तिवाद ऐकतात आणि उत्तम बोलणाऱ्याला चषक मिळतो, अशी ही अभिरूप न्यायालयाची स्पर्धा असते.

‘‘खोटा खटला कशाला?’’ आबा म्हणाले. ‘‘आपला खरा आहे की. न्या म्हणावं सरावाला.’’

‘‘आबा, तिथे निकाल त्याच दिवशी लागतो.’’

आबा थबकले. कायद्याच्या शिक्षणातील काल्पनिक भाग कोणता हे त्यांना त्या क्षणी पूर्णपणे उमगले. दुसरा शब्द ‘प्लेसमेंट’, म्हणजे कंपन्यांनी महाविद्यालयात येऊन विद्यार्थ्यांना नोकरीसाठी निवडणे. ‘‘कंपनीतच जायचं तर सणसवाडी काय वाईट आहे? बस दारात येते,’’ हा वडिलांचा विचार होता. तो ते बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता. आत्याला मुलगी थेट न्यायाधीशच व्हायला हवी होती. परंतु २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने खालच्या पायरीवरील न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली आहे, हे कळल्यावर तिने आपल्या हक्कसोडपत्राला आणखी आठ वर्षे धरली.

परतीच्या वाटेवर प्रतिष्ठेच्या बाजूने एकच भक्कम पुरावा शिल्लक होता, तो म्हणजे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड. चुलत्यांनी मोबाइलवर शोध घेतला आणि त्यातून घोटाळाच निष्पन्न झाला, कारण त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड हेही सरन्यायाधीश झाले, आणि ते कायदा शिकले दिल्ली विद्यापीठात. एवढेच नव्हे तर आपल्या वडिलांचा सहभाग असलेला आणीबाणीच्या काळातला निकाल चुकीचा होता, असे या चिरंजीवांनी २०१७ साली निकालपत्रात लिहिले. बाप एका कॉलेजचा, मुलगा दुसऱ्याचा, पद एकच, आणि तरी बापाचे चुकले असे मुलगा कागदावर लिहून देतो, हे ऐकून वडिलांनी आबांकडे प्रथमच डोळे वर करून पाहिले. आबांनी खिडकीबाहेर पाहिले. गाडी वाघोलीत उभी होती.

यानंतर चिठ्ठ्या टाकण्याचा उपाय योजण्यात आला. ग्रामदैवतापुढे दोन चिठ्ठ्या टाकून लहान मुलाकडून एक उचलून घेतली गेली आणि तीत अनुदानित महाविद्यालयाचे नाव निघाले. देवाला फी माफीचे माहीत असावे, अशी शंका आल्याने चुलत्यांनी ती फेरी रद्द ठरवून ‘तीनपैकी दोन’ असा नियम केला. दुसऱ्या फेरीत दुसरे नाव निघाले, आणि तिसऱ्या फेरीआधी त्या लहान मुलाने चिठ्ठी खाल्ली.

दरम्यान ऑनलाइन पसंतीक्रम भरण्याची शेवटची तारीख आली. पसंतीक्रम म्हणजे कोणते महाविद्यालय पहिले हवे, कोणते दुसरे, याची संगणकावर द्यावयाची यादी. ती पक्की करण्यासाठी मोबाइलवर येणारा सहा आकडी गुप्त क्रमांक लागतो, आणि नोंदणी करताना ‘माझा नंबर टाका, मी घरचा कर्ता आहे’ असे चुलत्यांनी सांगितलेले असल्यामुळे तो क्रमांक त्यांच्या फोनवर येणार होता, फोन त्यांच्या खिशात होता, आणि ते रेंज नसलेल्या एका प्लॉटवर गिऱ्हाइकाला भविष्यातील रस्ता दाखवत होते. अखेर मुलीने आबांच्या साध्या फोनवरून त्यांना गाठले. रेंजच्या शोधात पाण्याच्या टाकीवर चढलेल्या चुलत्यांनी, क्रमांक कशासाठी हवा आहे हे न विचारता, सहाही आकडे असे ओरडून सांगितले की ते गिऱ्हाइकाने प्लॉटचा भाव म्हणून लिहून घेतले. अशा रीतीने तीन महिन्यांच्या बैठकांचा निर्णय, ज्या एकाच व्यक्तीला तो घ्यायचा होता तिने, दीड मिनिटात घेतला. तिने अनुदानित महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर घातले होते, आणि ते तिने जूनमध्येच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेले होते.

विषयाच्या पूर्ततेसाठी पुढील मार्गाचाही उल्लेख केला पाहिजे. पदवी कोठूनही घेतली तरी राज्याच्या वकील परिषदेकडे नाव नोंदवून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यावी लागते. काही राज्यांत यासाठी चाळीस हजारांच्या पुढे पैसे घेतले जात. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी सांगितले की १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये लिहिले आहेत, तेवढेच घ्यावेत. गुंठे विकून शिकलेला आणि सवलतीत शिकलेली, दोघांनाही एकाच खिडकीत साडेसातशे रुपये भरावे लागतात, आणि ती खिडकी महाविद्यालयाच्या नावाला सूटही देत नाही व अधिभारही लावत नाही. त्यानंतर ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी सुरू होते, म्हणजे फाइली उचलणे, तारखा लिहून घेणे आणि ‘साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत’ असे सांगणे. या कनिष्ठांना शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस भारतीय वकील परिषदेने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केली. शिफारस म्हणजे जी सर्वांना मान्य असते आणि कोणाला लागू नसते ती सूचना.

मुलीला प्रवेश मिळाल्याचे गावात दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, आणि बांधापलीकडे ते रात्रीच कळलेले होते. बांधापलीकडच्या शेजाऱ्याचा नातूही त्याच वर्षी बारावी झाला होता आणि तोवर त्याचे हॉटेल मॅनेजमेंटला जाणे जवळजवळ ठरले होते. चार दिवसांत शेजाऱ्याने रस्त्याकडेचे गुंठे काढले आणि नातवाला दुसऱ्या, लाखांच्या महाविद्यालयात घातले, कारण प्रतिवादीचा वकील वादीच्या वकिलापेक्षा स्वस्तात शिकलेला असणे त्याला अपमानास्पद वाटले. ते गुंठे चुलत्यांनीच गिऱ्हाइकाला मिळवून दिले आणि दोन्ही बाजूंची दलाली घेतली; त्यामुळे उच्चशिक्षणावरील खर्चाचा प्रत्यक्ष लाभ झालेली तालुक्यातली पहिली व्यक्ती तेच ठरले.

कोणते महाविद्यालय बुद्रुक आणि कोणते खुर्द, याचा शास्त्रीय निवाडा करण्याची अशी सोय अन्य संशोधकांना क्वचितच लाभते: एकच बांध, एकच दावा, पांढरे बँड लावून समोरासमोर उभे राहणारे दोन वकील, आणि त्यांच्या मागे बाकावर दोन आजोबा. पाच वर्षांनी घोडनदीच्या न्यायालयात ही तुलना पूर्ण होईल, अशा अपेक्षेने आबांनी कोर्टातल्या कारकुनाला आधीच विचारून ठेवले की, तोवर दावा चालू राहील ना.

कारकुनाने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. ‘‘आबा, त्याची काळजी तुम्ही करू नका,’’ तो म्हणाला, आणि त्याने पुढची तारीख दिली.